अपडेटवाल्याचं जुनं व्हर्जन

सेलूहून वालूरकडं निघालं की अध्यामध्यात एक गाव लागतं. तिथं ग्रामपंचायतीच्या चार गाळ्यांपैकी शेवटच्या गाळ्यात योगीराजचं ऑनलाइन केंद्र आहे. बाहेरच्या फलकावर 'येथे सर्व प्रकारचे अपडेट करून मिळेल' असं तांबड्या अक्षरांत लिहिलेलं असल्यामुळं त्याला योगीराज म्हणणारी माणसं आता दोनच उरली आहेत, आई आणि थोरली बहीण. बायको 'अहो' म्हणते आणि बाकी गाव अपडेटवाला म्हणतं. आधार, रेशन, बँकेचं केवायसी, पीक पाहणी, म्हाताऱ्यांचा हयातीचा दाखला, सगळं त्याच्याकडं होतं. माणूस चालत, खोकत, बिडी ओढत समोर येऊन बसला तरी तो हयात आहे की नाही, हे योगीराजच्या कॉम्प्युटरनं सांगितल्याशिवाय पक्कं धरता येत नाही.

कामाला माणूस चोख, पण बोलण्यात माया कमी. पडद्यावरची नजर न काढता तो एकच वाक्य बोलायचा, "अपडेट करून घ्या, न्हाई तर बंद पडंल." काय बंद पडेल ते सांगत नसे. ऐकणारा आपल्या परीनं समजून घाबरायचा आणि रांगेत जाऊन उभा राहायचा.

त्या रांगेत सगळ्यांत जास्त वेळा उभी राहिलेली बाई म्हणजे बानूबाई. गावाबाहेरच्या पडीकात तिच्या घरची साठेक मेंढरं बसायची. जन्मभर दोर ओढून, लोकर कातरून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेल्या होत्या. रेशनच्या केवायसीसाठी अंगठा टेकवला की यंत्र तांबडा दिवा दाखवायचं. सहा वेळा ती आली आणि सहा वेळा योगीराजनं तिला माघारी पाठवलं. हात धुऊन या, तेल लावून या, ऊन उतरल्यावर या. चेहरा दाखवून केवायसी करायची सोय मोबाइलवर आली होती, हे त्याला ठाऊक होतं. पण एकेकाचा चेहरा धरत बसायला सवड कुणाला होती? सहाव्या वेळी बानूबाईनं विचारलं, "बापू, अंगठा तर माझाच हाय. माझ्यात काय बिघडलंय ते तरी सांगा."

"बिघडलं काई न्हाई मावशी," योगीराज म्हणाला. "तुमी जुन्या झालाव."

असा हा माणूस. आणि याच माणसाच्या टेबलाच्या खणात, बरोबर अंगठ्याच्या यंत्राखाली, फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू होती, जिला त्यानं सहा वर्षं अपडेटचं वारं लागू दिलं नव्हतं.

ते हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र होतं. परभणीत कॉलेजात शिकणाऱ्या कुणा पोराकडून त्यानं ते जुनंच घेतलं होतं. त्याच्यातली सिस्टीम जुनी होती, आणि त्या जुन्या सिस्टीममध्ये कंपनीच्या नजरेतून सुटलेली एक फट होती. त्या फटीतून, कंपनीची परवानगी नसलेले, हौशी लोकांनी घरी बसून बनवलेले खेळ आत घालता यायचे. पुढच्याच अपडेटमध्ये कंपनीनं ती फट बुजवली. म्हणजे अपडेट झालं की खेळ खलास.

योगीराजनं आत घातलेला खेळ क्रिकेटचा होता. त्यात खेळाडूंना आपल्या मनानं नावं देता यायची, चेहरे चिकटवता यायचे. सगळ्या गावाचे पासपोर्ट फोटो योगीराजच्या कॉम्प्युटरमध्ये होतेच. कुणी जातीच्या दाखल्यासाठी दिलेला, कुणी विहिरीच्या अर्जासाठी. दुपारी गिऱ्हाईक नसताना बसून बसून त्यानं त्यातून एक अख्खा संघ उभा केला होता. कप्तान अर्थात तो स्वतः. विकेटमागं बायको भक्ती, कारण तिच्या हातून काही सुटत नाही, हा त्याचा नऊ वर्षांचा अनुभव होता. दत्ता वायरमनला त्यानं खास रनआउट होण्यासाठी घेतलं होतं. 'आलोच' म्हणून न येण्यात दत्ताचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. माजी सरपंच बन्सीधरराव समोरच्या संघात होते आणि पहिल्या चेंडूवर बाद होत होते. आणि चालू सरपंच रामहरीनाना होते बारावे गडी. चार वर्षांमागं नानांनी गावात पाण्याची टाकी बांधली, तिला तीनदा रंग दिला, पण पाणी काही आलं नाही. खेळात मात्र दर पंधरा षटकांनी नाना पांढऱ्या टोपीत, हातात बाटल्यांचं तबक घेऊन मैदानात धावत यायचे आणि सगळ्यांना पाणी पाजायचे. योगीराजला हे दृश्य इतकं आवडायचं की कधी कधी तो नुसता तेवढ्यासाठी सामना चालू ठेवायचा.

हे राज्य टिकवायचं तर यंत्र इंटरनेटला लागू द्यायचं नाही, एवढाच नियम होता. गाव नेटवर्कसाठी माळवदावर चढायचं आणि योगीराज यंत्र घेऊन नेटवर्कपासून लांब पळायचा. वायफायचा पासवर्ड त्यानं यंत्राच्या आठवणीतून पुसला होता. तरी धाकधूक असायचीच. इंटरनेटवर अशाच लोकांची एक पारावरची बैठक असते, तिथं कुणीतरी लिहिलं की यंत्र झोपेतसुद्धा गुपचूप नेट शोधतं. योगीराजची झोप उडाली. त्यानं केंद्राच्या वायफायच्या डबीतच कंपनीचे सगळे पत्ते बंद करून टाकले. करताना एक ओळ चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रेशनची वेबसाइट उघडेना, पीक विम्याची उघडेना, बँकेचीही उघडेना. दारात रांग रस्त्यापर्यंत गेली.

योगीराज सवयीनं म्हणाला, "सर्व्हर डाऊन हाय." आजवर हजार वेळा त्यानं हे वाक्य उच्चारलं होतं आणि प्रत्येक वेळी बिघाड मुंबईत नाहीतर दिल्लीत असायचा. या वेळी तो त्याच्याच खुर्चीत बसला होता. लोकांनीही सवयीप्रमाणं मान डोलावली, चार शिव्या दिल्लीला दिल्या आणि घरी गेले. संध्याकाळपर्यंत योगीराजला आपली चूक सापडली. पुन्हा तसं नको म्हणून त्यानं घातलेली सगळीच बंधनं काढून टाकली.

तिथंच घात झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या बैठकीवर बातमी आली की क्रिकेटच्या खेळात आता टोपीऐवजी फेटा घालता येतो. योगीराजला कप्तानाच्या डोक्यावर फेटा पाहायचा मोह आवरेना. पाच मिनिटांसाठी त्यानं यंत्राला नेट दिलं. फेटा उतरायला चार मिनिटं लागली. त्याच चार मिनिटांत कंपनीनंही आपलं काम उरकून घेतलं. पडद्यावर पाटी आली: 'नवीन अपडेट उतरवले आहे. यंत्र पुन्हा सुरू होताच ते बसवले जाईल.'

पाटीवर 'ठीक आहे' एवढंच एक बटन होतं. नको म्हणायला बटनच नव्हतं.

उतरलेलं अपडेट काढून टाकायची एक युक्ती बैठकीवर सांगितलेली होती, पण ती करताना दोघांची यंत्रं कायमची मेली होती. मग उरला एकच उपाय, यंत्र कधीच बंद पडू द्यायचं नाही. आणि बॅटरी तर म्हातारी, जेमतेम दोन तास टिकणारी. तेव्हापासून योगीराज यंत्राला दुधावरच्या लेकरासारखं जपू लागला. जेवताना चार्जरला, झोपताना चार्जरला, सोयऱ्याच्या लग्नात मांडववाल्याच्या बोर्डाला. भक्तीनं विचारलं तर तिला खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझ्या माहेरून आलेला मिक्सर सहा महिने झाले बंद पडून. त्याला कव्हा असं जपलंव?"

दहा दिवस निभावले. अकराव्या दिवशी दुपारी वावटळ सुटली आणि वालूरच्या अलीकडचे सात खांब आडवे झाले. आजूबाजूच्या सगळ्या गावांची लाइट गेली. दत्ता वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, आलोच. पहिला दिवस केंद्राच्या इन्व्हर्टरवर निघाला, दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या पॉवर बँका मागून आणल्या. दुपारपर्यंत त्याही आटल्या. यंत्रात बारा टक्के उरले. सेलूला लाइट होती, पण गाडीवर पाऊण तास लागणार होता आणि बारा टक्क्यांत वीस मिनिटांच्या वर जीव नव्हता. तरीही केंद्राला कुलूप घालून तो निघालाच. दारात केवायसीवाले बसले होते. त्यांच्याकडं न बघता तो म्हणाला, लाइट आल्यावर या.

रस्त्यात मेंढरं आडवी आली. बानूबाईचं कुटुंब त्या दिवशी तळ हलवत होतं. मेंढरांमागं तट्टू चाललं होतं, तट्टावर भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्यांचा डालगा, आणि सगळ्यांच्या वर, उन्हाकडं तोंड करून बांधलेली सोलरची पाटी. पाटीतून निघालेल्या वायरीला बानूबाईच्या लेकाचा मोबाइल लटकत होता.

योगीराजनं गाडी बाभळीखाली लावली आणि पळत जाऊन तट्टू गाठलं. सहा वेळा माघारी धाडलेल्या बाईसमोर त्यानं हातातलं यंत्र नुसतं पुढं केलं. बानूबाईनं लेकाचा मोबाइल काढून ठेवला आणि वायर त्याच्या हातात दिली.

वायर हातभरच होती. तट्टू थांबणारं नव्हतं, कारण मेंढरं थांबणारी नव्हती. तेव्हा त्या दुपारी रस्त्यानं जाणाऱ्यांना असं दिसलं की गावचा अपडेटवाला तट्टाच्या शेपटीशेजारून, वायरीनं तट्टाला जोडलेला, काट्याकुट्यातून चाललाय.

थोडं पुढं गेल्यावर बानूबाईनं विचारलं, "लेकराचं हाय का?"

"न्हाई. माझंच हाय."

"मंग बंद पडू द्या की. लाइट आल्यावर चालू करा."

योगीराजनं सांगितलं की बंद पडलं तर चालू होताना ते अपडेट होईल. बानूबाई चालता चालता थबकली. "अपडेट व्हतंय तर ब्येस झालं की. तुमीच तर सांगताव सगळ्यांना."

"अपडेट झालं की आतलं जुनं चालत न्हाई मावशी," योगीराज म्हणाला. "हे चांगलं चालायलंय. चालायलंय ते उगं कामून मोडायचं?"

बानूबाईनं एका कोकराला हाळी देऊन वाटेवर आणलं. मग म्हणाली, "मंग बापू, हे टाळायचं कसं, ते मला बी शिकवा की."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. टोमणा असता तर योगीराजला उलट बोलता आलं असतं. तो वायरीकडं बघत चालत राहिला. विषय बदलावा म्हणून त्यानं खेळ सुरू करून तिला दाखवला. पंधरा षटकं संपली आणि रामहरीनाना तबक घेऊन मैदानात आले. बानूबाईनं यंत्र डोळ्यांजवळ नेलं. चेहरा ओळखल्यावर ती इतकी हसली की पदर तोंडाशी धरावा लागला. "नाना पाणी आणायलाय," ती म्हणाली. "पुन्हा एकदा आणायला लावा."

दिवस मावळेस्तोवर नानांनी अकरा वेळा पाणी आणलं. यंत्र रात्रीपुरतं तळावरच राहिलं, सोलरच्या बॅटरीच्या आधारानं. दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ता आला, लाइट आली. यंत्र न्यायला योगीराज तळावर गेला तेव्हा त्यानं खिशातला मोबाइल काढला, बानूबाईला उजेडाकडं तोंड करून बसवलं, दोनदा डोळे मिटायला लावले आणि हिरवी खूण आली. सहा फेऱ्यांचं काम तीन मिनिटांत झालं. "एवढंच व्हतं?" बानूबाईनं विचारलं. योगीराज म्हणाला, "आजच सर्व्हर सुरू झालं." खरं सांगायचा धीर त्याला अजून झाला नव्हता.

बानूबाईला मात्र खरं सांगायला धीर लागत नसे. तळावरून गावातल्या पिठाच्या गिरणीवर ती जोंधळे दळायला गेली आणि तिथल्या बायकांना म्हणाली, "नाना पाणी आणायलाय. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं." कुठं आणि कशात, हे गिरणीच्या आवाजात राहून गेलं. तासाभरात टाकीपुढं घागरींची रांग लागली. गर्दी बघून नाना घरातून धावत आले. गर्दी दिसली की आधी भाषण आणि मग चौकशी, ही त्यांची जुनी रीत. टाकीच्या ओट्यावर चढून, दिलेला शब्द पाळल्याबद्दल त्यांनी स्वतःचे आभार मानले, विरोधकांना चिमटे काढले, टाळ्या घेतल्या. मग खाली उतरून हळूच एकाला विचारलं, पाणी कव्हा आलं रे?

खरा प्रकार कळायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना केंद्रात आले. योगीराजला वाटलं, आता गाळा गेला. नानांनी यंत्र मागून घेतलं, स्वतःला तबक घेऊन धावताना दोनदा पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"पाणी आणताना दाखवलंस, ते बरं केलंस," ते म्हणाले. "पन कप्तान कामून न्हाई मी?"

गाळा ग्रामपंचायतीचा. योगीराजनं फेटा स्वतःच्या डोक्यावरून काढून नानांच्या डोक्यावर ठेवला. दुपारी बन्सीधरराव आले. आपण पहिल्याच चेंडूवर बाद होतो, ही आपली बदनामी आहे, आणि नाना कप्तान असतील तर आपण निदान सलामीला तरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढची निवडणूक ते जिंकणार नाहीत असं कुणी सांगावं? योगीराजनं त्यांना सलामीला घेतलं. मग सदस्य आले, सोसायटीचे चेअरमन आले. प्रत्येकाला गोलंदाजी हवी होती आणि क्षेत्ररक्षण कुणालाच नको होतं. आठ दिवसांत संघात गावातली सगळी पदं आली. नानांचा भाचा विकेटमागं उभा राहिला आणि भक्तीला संघाबाहेर बसावं लागलं. त्या संध्याकाळी ताट वाढताना ती एवढंच म्हणाली, "त्याच्या हातून काय काय सुटतंय, ते बघा आता."

सगळं सुटलं. संघ तेवीस धावांत बाद झाला. दत्ता आणि सरपंच एकाच टोकाला उभे राहून एकमेकांना जा म्हणत राहिले. पाणी आणायलाही आता कुणी उरलं नव्हतं, कारण बारावा गडी व्हायला कुणी तयार नव्हतं. योगीराज रोज दुपारी यंत्र उघडायचा, बघायचा आणि मिटायचा. ग्रामपंचायतीची मासिक बैठक आपण खिशात घेऊन फिरतो आहोत, असं त्याला वाटू लागलं. आणि ही बैठक बंद पडू नये म्हणून तो अजूनही दर दोन तासांनी चार्जर शोधत होता.

एका सोमवारी नाना पुन्हा आले. फेटा काढला की पडद्यावर त्यांचं टक्कल दिसत होतं, तिथं केस हवे होते. शिवाय शतक व्हायला हवं होतं, कारण पुण्याहून पाव्हणे येणार होते आणि त्यांना दाखवायचं होतं. योगीराज बरं म्हणाला. यंत्र हातात घेतलं आणि वरचं बटन दाबून धरलं. अपडेट उतरल्यापासून पहिल्यांदा यंत्र पार बंद पडून पडदा काळा झाला. त्यानं बटन पुन्हा दाबलं. निळी पट्टी आली आणि डावीकडून उजवीकडं भरत गेली. नाना चहा पीत होते. त्यांचा चहा संपायच्या आत सगळं आटोपलं. क्रिकेटच्या खेळाच्या जागी राखाडी चौकोन राहिला.

छातीत काहीतरी तुटेल अशी योगीराजची अपेक्षा होती. तसं झालं नाही. लग्नघरातले पाव्हणे गेल्यावर अंगण झाडताना वाटतं, तसं त्याला वाटलं.

"नाना, घोटाळा झाला," तो म्हणाला. "अपडेट आलं. सगळे खेळाडू गेले."

"कुठून आलं?"

"वरून."

नानांनी कप खाली ठेवला. त्यांना राग आला नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती आली. "वरून आल्यावर आपल्या हातात काय ऱ्हायलंय बाबा," ते म्हणाले आणि उठले. बन्सीधररावांनीही तेच म्हटलं. सदस्यांनी, चेअरमननी मान डोलावली. कुणी तक्रार केली नाही, कुणी परत संघ करायला सांगितलं नाही. इतकी वर्षं समोरच्या बाकावर बसून सगळं गाव योगीराजकडूनच तर हे शिकलं होतं.

कंपनीनं अपडेटमध्ये काय सुधारलं, ते त्यानं शेवटी वाचून पाहिलं. एकच ओळ होती: 'यंत्राच्या सर्वसाधारण स्थिरतेत सुधारणा.'

आता कुणाचा अंगठा दोनदा उमटला नाही तर योगीराज तिसऱ्यांदा टेकवायला लावत नाही, गुमान मोबाइल काढतो आणि त्या माणसाला दारातल्या उजेडात बसवतो. रांग त्यामुळं हळू सरकते आणि लोक कुरकुरतात. बानूबाईचा तळ गोदावरीच्या बाजूला गेला आहे. भक्तीचा मिक्सर तो परवा सेलूहून दुरुस्त करून घेऊन आला. यंत्रात अपडेटबरोबर मासे धरायचा एक खेळ फुकट आला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो गळ टाकून बसतो. माशांना त्यानं अजून कुणाची नावं दिलेली नाहीत.